जसं बोलला तसं सांग

सांगलीतल्या त्या दुकानात माझ्या आधी एक पगडीवाले म्हातारे बसले होते. दुकानदार पितळी नळ्या त्यांच्या कानाला लावून बघत होता. एका टोकाला बारीक, दुसरीकडं कर्ण्यासारखी पसरलेली नळी. एक बसली नाही. रुमालानं पुसून ताटात ठेवली, दुसरी लावली. तीही नाही. तिसरी बसली. म्हातारे हसले.

मग माझी पाळी आली.

बोलली माझी बायको, सगुणा. मी बहिरा. मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात बॉयलरवर होतो. बाहेरून रिबीट, म्हणजे जाड खिळे, ठोकायचे आणि मी आत बसून ते लोखंडानं दाबून धरायचो. उभी हयात त्या पिंपात गेली. नोकरी संपली तेव्हा कानही संपले होते. माण तालुक्यातल्या आमच्या गावी परत आलो तो असाच. साताऱ्याच्या डॉक्टरनं सगुणाला सांगितलं, बॅटरीचं विलायती यंत्र तुम्हाला झेपायचं नाही, सांगलीला साधी नळी मिळते, ती बघा. म्हणून आलो.

दुकानदारानं सगुणाला काहीतरी विचारलं. तिनं उत्तर दिलं. त्यानं नळ्यांचं ताट झटकन आपल्याकडं ओढून घेतलं. त्याचे ओठ हलले. बाकावरची माणसं हसली. पगडीवालेसुद्धा.

"काय म्हनला?" मी विचारलं. बहिऱ्याचा आवाज मोठा. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

सगुणा कानाशी आली. "तुमच्या मापाची न्हाई म्हनत्यात. चला."

ताट तर भरलेलं होतं. आणि ती माझी बाही ओढत होती.

"खोटं नगं बोलू. जसं बोलला तसं सांग."

"आवं, चला की."

"सांग!"

तिनं माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं. कानाला तोंड लावलं. ओरडली. भर दुकानात. मला ऐकू यायला दुसरा इलाज नव्हता.

"म्हनला, म्हाराच्या कानाला लागलेली नळी मागनं कोन घील? गटारात टाकू का? आदी पैसं ठेवा, मग भाईर जाऊन लावा. बसली तर बसली!"

शिवी त्याची. तोंड माझ्या बायकोचं. ती बोलताना तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या गालावर पडत होतं.

"तुमची नळी नगं," मी म्हणालो. पायऱ्या उतरलो.

कृष्णेच्या काठाला जाऊन बसलो. सगुणानं भाकरी सोडली. मी खाल्ली नाही. डोक्यात एकच फिरत होतं. तिथं तिनं इतक्या सहज खोटं सांगितलं. जणू सवयच.

"आजवर मला काय काय गोड करून सांगितलंस?"

ती भाकरी परत बांधायला लागली. मी हलवलं तिला. मग माझ्या कानाशी येऊन थांबत थांबत बोलली.

गावात चावडीसमोरच्या लिंबाखाली मी रोज बसायचो. मुंबईचा कोट घालून. येता-जाता पाटील काहीतरी बोलायचे. शेजारी बसलेली सगुणा कानाशी सांगायची, "पाटील बरं हाय का इचारत्यात." मी उठून हात जोडायचो. "व्हय जी, बरं हाय."

खरं तर पाटील म्हणायचे, "म्हारडा बघा सायबागत बसलाय. बहिरा रेडा."

आणि मी हात जोडायचो. व्हय जी म्हणायचो. सगळी चावडी हसायची, आणि मला वाटायचं, गाव किती मायेनं हसतंय.

"का केलंस असं?"

"तुमी उलटून बोलला असता. त्यांनी घर पेटवलं असतं आपलं. मला तुमी जित्तं पायजे हुता."

मी तिच्यावर रागावलो नाही. राग कुठं ठेवायचा ते मला कळलं होतं.

परतताना साताऱ्याला उतरलो. बाजारात एक मुसलमान पत्रेवाला रॉकेलच्या चिमण्या, डबे करत बसायचा. सगुणानं हातानं आकार दाखवला. त्यानं पत्रा कापला, वळवला, सांध्याला कथलाचा डाग दिला, टोकाला फडकं गुंडाळलं. तो कर्णा आधी आपल्या कानाला लावून बघितला. मग तोच माझ्या कानाला लावला. जात विचारली नाही. चहाच्या दोन कपांएवढे पैसे घेतले.

पहिला आवाज आला तो शेजारच्या हातोडीचा. ठण्ण. त्याच आवाजानं माझे कान खाल्ले होते. तरी रडू आलं.

गावी गेलो. दुसऱ्या दिवशी लिंबाखाली बसलो. पत्र्याचा कर्णा कोटाखाली होता. पाटील आले, बरोबर चार टगे. ओठ हलायला लागले तसा मी कर्णा काढून कानाला लावला.

"...आला का रं रेडा गाव हिंडून?"

मी उठलो नाही. हात जोडले नाहीत.

"पाटील," मी म्हणालो, "आज ऐकू आलं. इतकी वर्सं शिवी दिलीसा, मी रामराम समजून घेतला. आता शिवी समजूनच घेनार. आन् जवाब बी तसाच दीन."

कुणी हसलं नाही. एका टग्यानं कर्णा हिसकावला, दगडावर ठेवला आणि टाचेनं चेपला. मला धरून ढकललं. कोटाची बाही फाटली.

त्या दिवसापासून पिठाच्या गिरणीत आमचं दळण घेईनात. किराणा देईनात. सगुणा डोक्यावर धान्य घेऊन दुसऱ्या गावाला चालत जाते. परवा मी म्हणालो, "तुझे हाल हुत्यात." ती कानाशी येऊन म्हणाली, "हुंद्यात. तुमी उठू नगा तितनं."

साताऱ्याहून दुसरा कर्णा आणला. हाही चेपतील. तिसरा आणीन. पत्रा स्वस्त आहे.

लिंबाखालची जागा मी सोडलेली नाही. सोडणार नाही. ज्याला मला काही म्हणायचं असेल त्यानं समोर येऊन म्हणावं. मी ऐकणार आहे. शब्द न् शब्द.