रेडिओची खुर्ची

मामांच्या सलूनमध्ये खुर्च्या दोनच. खिडकीजवळची मामांची आणि दाराजवळची रेडिओची. रेडिओ म्हणजे चांगला हाडामासाचा माणूस, मामांचा भागीदार. सकाळी शटर वर गेलं की त्याचं तोंड सुरू व्हायचं, ते शटर खाली आल्यावरच मिटायचं. मामा दिवसभरात जेवढं बोलत तेवढं रेडिओ एका दाढीत बोलून मोकळा व्हायचा. गिऱ्हाइकांची त्यामुळे छान सोय झाली होती. गप्पा हव्यात तर दाराजवळ बसा, डुलकी काढायची असेल तर खिडकीजवळ.

रेडिओ डावखुरा होता. त्याची कात्री खास डाव्या हाताची, बाहेरून मागवलेली. दुसऱ्या कुणी उजव्या हातात धरली तर ती केस कापायची नाही, नुसती चावायची. म्हणून ती कुणी उचलत नसे, आणि रोज संध्याकाळी रेडिओ ती रुमालात गुंडाळून घरी घेऊन जात असे.

आता, न्हाव्याची एक पंचाईत असते. साऱ्या गावाचे केस त्याला कापता येतात, स्वतःचे येत नाहीत. म्हणून सुट्टीच्या दिवशी शटर अर्धं खाली ओढून हे दोघं एकमेकांचे केस कापायचे. रेडिओचा हात उत्तम, पण मामांचा डावा कल्ला तो दरवेळी जरासा वर न्यायचा. मामा आरशात बघून म्हणायचे, डावा कल्ला वर गेलाय. रेडिओ म्हणायचा, "कल्ला बरोबर आहे, तुझं डोकंच वाकडं आहे." एवढं झालं की केस कापून झाले असं समजायचं. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं, आणि दोघांपैकी एकालाही त्याचा कंटाळा आला नव्हता.

अशाच एका सुट्टीच्या दिवशी, गालाला फेस लावलेला असताना, रेडिओने एक करार करून टाकला. आपल्यातला जो आधी जाईल त्याची शेवटची दाढी दुसऱ्याने करायची. "खुंट वाढवून मी कुठेही जाणार नाही, वर तर मुळीच नाही," तो म्हणाला. मामांनी हूं म्हटलं आणि वस्तरा चालवला. मामांचं हूं म्हणजे दुसऱ्याचं शपथपत्र.

मग ती साथ आली. बंद करायची वेळ आली तेव्हा सलून सगळ्यांच्या आधी, आणि उघडायची वेळ आली तेव्हा सगळ्यांच्या शेवटी. मामा घरात बसून मामींच्या कुंड्यांमधली रोपं छाटत राहिले. एका रोपाला त्यांनी इतका नीट भांग पाडला की मामींनी कात्री काढून घेतली. रेडिओ रोज फोनवर वाजत होता. आणि एक दिवस फोनवर रेडिओची बायको होती. ताप, दम, अँब्युलन्स. त्यानंतर रेडिओ घरी आलाच नाही.

मामांची इमारत नेमकी त्याच आठवड्यात सील केलेली होती. फाटकाला बांबू, बाहेर पहारा. तसंही शेवटच्या वेळी मोजक्या चार माणसांनाच परवानगी होती, आणि तोंड कुणालाच दाखवलं नाही. मामा दिवसभर गॅलरीत उभे राहिले. मित्र गेला याचं दुःख होतंच, पण त्याहून टोचत होती ती दाढी. इस्पितळात कोण कुणाची दाढी करणार? आपला रेडिओ, रोज गाल गुळगुळीत ठेवणारा, खुंट घेऊन गेला, आणि शब्द दिलेला माणूस इथे कुंड्यांशेजारी उभा राहिला. हे मामांनी मामींनासुद्धा सांगितलं नाही. रेडिओच्या बायकोशी, म्हणजे वहिनींशी, ते फोनवर बोलत. पण बोलणं त्या दिवसांकडे वळू लागलं की मामा किराणा पोचला का, असं विचारून पळ काढत.

सलून उघडलं ते नियमांसकट. एक सोडून एक खुर्ची वापरायची. दोनच खुर्च्या असल्यावर एक बंद, हे उघडच होतं. मामांनी रेडिओच्या खुर्चीला एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत लाल-पांढरी पट्टी चिकटवली. साऱ्या बाजाराने नियमांना शिव्या घातल्या. मामांना मात्र हा नियम फार सोयीचा वाटला. त्या खुर्चीत बसू का, असं कुणी विचारत नव्हतं आणि मामांना काही समजावून सांगावं लागत नव्हतं.

कामात मजाही होती. सगळ्यांची तोंडं झाकलेली, त्यामुळे बाजारात सख्खा भाऊ ओळखू येईना. मामांचं काही अडलं नाही. ते माणसं पहिल्यापासूनच मागून ओळखत. दोन भोवरे म्हणजे किराणावाला, कानामागे खोक म्हणजे शेजारचे मास्तर. अडचण एकच, कानाभोवती कात्री फिरवताना मास्कची दोरी पटकन कापली जायची. पहिल्या आठवड्यात मामांनी इतक्या दोऱ्या कापल्या की शेवटी मास्कचा खोकाच आणून आरशापुढे ठेवला. मास्तर म्हणाले, केस कापायला आलं की मास्क फुकट, धंदा बरा काढलात.

यथावकाश नियम उठला. समोरच्या हॉटेलात टेबलं पुन्हा एकमेकांना चिकटली. रेडिओच्या खुर्चीवरची पट्टी मात्र गेली नाही. एक टोक सुटलं तेव्हा मामांनी नवी चिकटवली. नगरपालिकेचा माणूस फेरीवर आला आणि म्हणाला, काका, काढा आता ती पट्टी, नियम संपला. मामा म्हणाले, राहू द्या साहेब, काळजी घेतलेली बरी. तो माणूस एवढा खूश झाला की त्याने मोबाइलवर सलूनचा फोटो काढून नेला. सरकारपेक्षा आमचे मामाच कडक, असं सगळे म्हणू लागले. मास्तरांना खरं काय ते कळलं होतं, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मास्तरांनी कुणाची चूक सुधारली नाही.

दरम्यान मामांचे केस मानेवर आले होते. दुसऱ्या सलूनमध्ये जाऊन बसणं त्यांच्याने होईना. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी पुढे एक आरसा, मागे एक आरसा धरला आणि आपला हात जगन्नाथ म्हणत कात्री चालवली. पण आरशातल्या आरशात हात भलतीकडेच जातो. उजव्या कानामागे रुपयाएवढं मैदान पडलं. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मामींनी ते पाहिलं आणि तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेल्या. त्या दुःखाने गेल्या नव्हत्या, हे भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू येत होतं. त्या दिवसापासून मामा टोपी घालू लागले. टोपीतला न्हावी बघून एकदोन नवी गिऱ्हाइकं दारातूनच परत फिरली.

आणि मग एका सुट्टीच्या सकाळी, शटर अर्धं खाली असताना, वहिनी वाकून आत आल्या. मामा बादलीत कंगवे धूत होते. वहिनींनी पट्टीकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं, आणि ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतल्या त्या नव्हेतच, सरळ मुद्द्यावर आल्या.

"भाऊजी, मला ही खुर्ची हवी आहे. काम करायला."

त्यांचं म्हणणं असं होतं की त्यांच्या इमारतीतल्या बायका आणि मुलं वर्षभर त्यांच्याकडेच केस कापून घेताहेत. सगळं बंद होतं तेव्हा रेडिओने बायकोला शिकवलं होतं. माझे केस तू काप म्हणाला, आणि स्वतःचं डोकं शिकवणीला दिलं. आता घरात बसून राहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

मामांनी एक कंगवा दोनदा धुतला. मग म्हणाले, "खुर्ची बंद आहे वहिनी. नियम आहे."

"कुणाचा?" वहिनींनी विचारलं.

मामांनी तोच कंगवा तिसऱ्यांदा बादलीत बुडवला. वहिनींनी पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून कात्री. ती त्यांनी डाव्या हातात घेतली आणि हवेत दोनदा चालवून पाहिली, अगदी रेडिओ चालवायचा तशी. रेडिओच्या घरी मामांनी शेकडो वेळा चहा घेतला होता. वहिनी उजव्या हाताच्या होत्या.

"वहिनी, तुम्ही उजव्या ना?"

"जेवायला उजवी. कात्रीला डावी. घरात कात्री एकच होती भाऊजी, ह्यांची. ती उजव्या हाताने चालेना, मग मीच हात बदलला."

मामांनी ओले हात पुसले. खुर्चीपाशी गेले आणि पट्टीचं टोक नखाने सोडवू लागले. नवी चिकटवताना फार मनापासून चिकटवली होती, त्यामुळे ती लवकर निघेना. निघाली तेव्हा त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली आणि रेडिओच्या खुर्चीत स्वतःच बसले. मागचं मैदान वहिनींनी बोटाने चाचपून पाहिलं. त्यांनी मामांच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि डाव्या कानापासून सुरुवात केली.

थोड्या वेळाने त्या आपणहून बोलायला लागल्या. या वेळी मामांना किराण्याकडे पळता येईना, मान वहिनींच्या हातात होती.

"अँब्युलन्सवाले दारात उभे होते. ते पांढरे पायघोळ कपडे घालून. आणि हे म्हणाले, दाढी केल्याशिवाय मी येणार नाही. ह्यांचा हात तर थरथरत होता. मग मीच केली. ते दोघं सांगत होते, बाई, लवकर. हे त्यांना म्हणाले, थांबा रे, नाहीतर माझा भागीदार मला ओळखायचा नाही. गुळगुळीत गालाने गेले, भाऊजी. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

मामांना ठाऊक नव्हतं. ते रडले, मोकळेपणाने रडले, आणि कापडाखाली हात अडकल्यामुळे त्यांना डोळेही पुसता येईनात. "डोकं हलवू नका," वहिनी म्हणाल्या, "कान जाईल." आणि त्यांनीही मनगटाने डोळे पुसले. मग दोघांनाही एकदम हसू आलं आणि वहिनींना कात्री थोडा वेळ बाजूला ठेवावी लागली.

काम झालं. मैदान आजूबाजूच्या केसांत बऱ्यापैकी लपलं होतं. वहिनींनी कापड झटकलं आणि मागे आरसा धरला. मामांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली. डावा कल्ला जरासा वर गेला होता. त्यांनी तोंड उघडलं, पण वहिनींनी त्यांना बोलू दिलं नाही.

"डावा कल्ला वर गेलाय, असं म्हणणार आहात. ह्यांनी मला त्याचं उत्तरसुद्धा शिकवून ठेवलंय."

"काय?" मामांनी विचारलं.

"कल्ला बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या, "तुमचं डोकंच वाकडं आहे."