न लागणारा दाखला

माझ्या चुकीने एका कोळीणबाईचं घर जाणार होतं. घरच्यांना मी हे अर्धवटच सांगितलं आहे. ते अर्धवटपण टोचत राहतं, म्हणून सगळं लिहायला बसलो आहे.

आमच्या तालुक्याच्या कोर्टात मोफत कायदेशीर मदतीचं एक टेबल आहे. आठवड्यातून तीन दिवस मी तिथे स्वयंसेवक म्हणून बसतो. मी वकील नाही. आलेल्या माणसाचं ऐकायचं, त्याचा अर्ज भरायचा, कागद लावून आत पाठवायचे. मग त्याला सरकारी खर्चाने वकील मिळतो. कंपनीतली नोकरी सुटल्यावर हे काम धरलं. गळ्यात ओळखपत्र आलं, लोक ‘साहेब’ म्हणू लागले. ते मला आवडत होतं, हेही लिहायला हवं.

ती बाई साठीच्या आसपासची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, सुकी मासळी विकून राहणारी. ‘घर माझ्या बापाचं आहे, काकूने ते खाली करावं,’ असा दावा नवऱ्याच्या पुतण्याने लावला होता. कोर्टाचं समन्स तिने पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवलं.

“बघा साहेब, काय लिवलंय. मना वाचता न्हाय येत.”

मी वाचलं. वकील मिळेल म्हणून सांगितलं, अर्जाचा कागद काढला आणि विचारलं, “मावशी, उत्पन्नाचा दाखला आणलाय?”

“त्यो कुठं मिलतो?”

“तहसीलला. तो घेऊन या, मग पुढचं बघू.”

ती गेली. समन्सवर पंधरा दिवसांनंतरची तारीख होती. दाखला मिळो न मिळो, त्या दिवशी कोर्टात येऊन उभ्या राहा, एवढं तरी मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. पुढचा माणूस बाकावरून उठलाच होता.

चार-पाच महिने गेले. एक दिवस नवऱ्याने मारलेली एक मुलगी आली. तिलाही मी दाखला मागितला. शेजारी आमच्या मोफत मदतीच्या यादीवरच्या एक तरुण वकीलबाई चहा पीत उभ्या होत्या.

“काका, बाईमाणसाला कसला उत्पन्नाचा दाखला मागताय?”

“नियम आहे ना, मॅडम.”

“बायकांना लागत नाही. लखपतीण असली तरी नाही. ट्रेनिंगमध्ये झोपला होतात की काय?”

त्या हसत म्हणाल्या. मी झोपलो नव्हतो. अलिबागच्या त्या प्रशिक्षणातून दुपारी मागच्या दाराने निघून मी मांडव्याला गेलो होतो, बोटीने येणाऱ्या मेव्हण्याला आणायला. हातात दिलेली पुस्तिका नंतरही उघडली नाही. सरकारकडे काही मागायचं तर हा कागद लागतोच, असं मी धरून चाललो होतो.

त्या मुलीचा अर्ज भरून दिला आणि रजिस्टर उघडलं. त्यात ज्यांचे अर्ज पुढे गेले तेवढेच लोक होते. दाखल्यासाठी परत पाठवलेल्या बायकांची नावं मी कधी लिहिलीच नव्हती. किती असतील? आठवायला लागलो की चेहरे येत, गावं येत नसत. कोळीणबाईचं गाव तेवढं आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढली. तिच्या दारात काठ्यांवर बोंबील वाळत होते. मला बघून ती घाईने आत गेली आणि पिशवी घेऊन आली.

“कालच तुमच्याकडं यायची व्हते. ह्यो घ्या दाखला. रेशनकार्डावर नाव येगळं, आधारवर येगळं, चार खेपा झाल्या. आता देताव ना वकील?”

दाखल्याखाली दुसरा कागद होता. ती हजर न राहिल्याने कोर्टाने एकतर्फी निकाल दिला होता: घराचा ताबा पुतण्याला द्यावा. कागद त्यानेच आणून तिच्या अंगावर टाकला होता. असा निकाल रद्द करून मागायला तीस दिवस असतात. त्यातले नऊ उरले होते.

मी तिला खरं सांगितलं नाही. “चला, वकील मिळाला,” म्हणालो आणि स्कूटरवर मागे बसवलं.

वकीलबाईंनी कागद पाहिले. “गैरहजर का राहिल्या, त्याचं कारण द्यावं लागेल. आजारी होत्या असं टाकू का?” असं त्यांनी मला विचारलं. मी मान डोलावली. ती मान डोलावणं मला दाखल्यापेक्षा जास्त सलतं. दाखला अज्ञानाने मागितला होता, हे जाणूनबुजून केलं.

प्रतिज्ञापत्र टाइप झालं. सही करणाऱ्याला वाचता येत नसेल तर ते वाचून दाखवावं लागतं. ते काम माझं.

“...सदर काळात मी तापाने अंथरुणाला खिळून होते...”

“थांबा थांबा. कोनाला ताप?”

“मावशी, ते तसं लिहावं लागतं.”

“मी रोज बाजारात बसते. पुतण्या रोज बघतं मना. त्यो हसल ना कोर्टात! मी का आले न्हाय, तुमाला ठावं न्हाय? दाखला आना, तुमीच बोललाव.”

मग मी सांगितलं. दाखला लागतच नव्हता, मावशी.

“चार खेपा,” ती म्हणाली. “मासलीची टोपली शेजारनीच्या गल्यात घालून जात व्हते मी. आनि तुमी म्हाईत नसताना खुर्चीवर बसताव?”

वकीलबाईंनी तापाचं वाक्य खोडलं. न लागणारा दाखला मीच मागितला, असं मी माझं वेगळं प्रतिज्ञापत्र लिहिलं आणि त्यात ओळखपत्रावरचं माझं पूर्ण नाव घातलं.

सुनावणीत पुतण्याचे वकील म्हणाले, “उद्या रिक्षावाल्याने रस्ता चुकवला म्हणूनही निकाल रद्द करायचे का?” मागे कोणीतरी हसलं. न्यायाधीशांनी मला उभं केलं.

“हा दाखला लागत नाही, हे तुम्हाला कळलं कधी?”

“ह्यांना परत पाठवल्यावर, चार-पाच महिन्यांनी.”

“आणि तोवर सगळ्याच बायकांना मागत होतात?”

“हो.”

त्यांनी खाली बघून लिहायला घेतलं. किती वेळ लिहीत होते सांगता येत नाही. एकतर्फी निकाल रद्द झाला. दावा पुन्हा पहिल्यापासून चालणार. घर अजून तिचं ठरलेलं नाही, पण तोवर तिला तिथून कोणी हलवणार नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात मी तिला म्हटलं, “मावशी, पुढची तारीख...”

“तुमी नको,” ती म्हणाली आणि वकीलबाईंकडे वळली. “बाय, तूच सांग. मी पाठ करते.”

वकीलबाईंनी तारीख सांगितली. तिने ती तीनदा म्हटली आणि एसटीच्या दिशेने निघून गेली.