वरच्या खोलीची दुसरी किल्ली

मैलूरच्या शोभाबाईंना भाडेकरू पारखण्याचा भारी अभिमान. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर दटावायला कुणी उरलं नाही, म्हणून हा नाद लागला, असं गल्लीतल्या बायका म्हणतात. आपण कशाला म्हणा! खोली बघायला कुणी आलं, की बाई एकच प्रश्न तीनदा विचारायच्या. बसताना मराठीत, चहा देताना कानडीत, निघताना दखनीत: आधीची खोली कामून सोडली? उत्तरं जुळली नाहीत, की माणूस फाटकाबाहेर.

या खेपेला असे सातजण बाहेर गेले आणि बाईच रडकुंडीला आल्या. कलबुर्गीला लेकीचे, पंचशीलाचे, दिवस भरत आलेले. घर मोकळं टाकून जावं, तर मागल्या वर्षी चारच दिवसांत चोरांनी बोअरची मोटार उचलून नेलेली.

"माय, येणार हायस का न्हाई?" लेक फोनवर करवादली.

"येते गं. एकबी सरळ माणूस गावंना बघ!"

आठवा आला योगीराज, दालमिलमधला मेकॅनिक. मराठीत म्हणाला, घरमालकाशी भांडण झालं. कानडीत भांडण, दखनीतही भांडणच. जुळून जुळलं ते नेमकं भांडखोराचं! बाईंचं डोकं तडकलं.

"भांडलास कामून रे?"

"मी नसताना खोली उघडून बघायचे, अक्का."

शोभाबाईंनी पुसलेला कप पुन्हा पुसला.

"बरं, ऱ्हा. उद्याच सामान आण. मला परवा निघायचंय."

"तुमचा आधीचा भाडेकरू कामून गेला?"

"बदली झाली त्याची."

योगीराज वर जाऊन खोली बघून आला आणि त्यानं सहज कानडीत तेच विचारलं. लेकीचा फोन वाजत होता. तो बंद करत बाई कानडीत म्हणाल्या, लग्न ठरलं त्याचं. चपला घालताना त्यानं दखनीत विचारलं, तशा त्या वैतागल्या, "पानी के वास्ते झगडा करके गया, और क्या!"

बोलून गेल्या आणि जीभ चावली.

"अक्का," योगीराज गालात हसला, "त्याचा नंबर देता का?"

न देऊन करतात काय? आता तो फाटकाशी उभा राहून जुन्या भाडेकरूशी बोलायलाय, मधेच वरच्या खोलीच्या दाराकडं बघायलाय. इकडं भरलेल्या पिशवीशेजारी बाईंचा फोन पुन्हा वाजला.

"माणूस मिळाला का, माय?"

"मिळालाय की! पण मेला मलाच तपासायलाय."

फोन ठेवून शोभाबाईंनी कमरेचा जुडगा काढला. वरच्या खोलीची आपल्याकडची दुसरी किल्ली, त्यानं मागायच्या आधीच द्यायला, त्यातून काढून हातात तयार ठेवावी म्हटलं, तर कडीतून ती निघता निघेना.