शकुबाईची कंबर

सातपूरच्या एका कारखान्यात शकुबाई मोटारीच्या कॉइल गुंडाळायची. दिवसभर बाकावर वाकून बसायचं काम. अठ्ठ्याहत्तर साली तिची कंबर धरली ती सुटेचना. बाम झाला, विटेचा शेक झाला. शेवटी नवरा चिमाजी तिला देवळाली कॅम्पात फुलाबाईकडे घेऊन गेला.

फुलाबाई बाजारामागं राहायची, बायकांच्या पाठी चोळून द्यायची. तिनं शकुबाईला पालथं निजवलं आणि तेल लावलेल्या अंगठ्यानं मणक्याच्या कडेनं दाबत खाली आली. एका जागी शकुबाई ओरडली. "हीच बघ," म्हणत फुलाबाईनं तिथंच जोर दिला. उठली तेव्हा शकुबाईचं अंग पिसासारखं हलकं झालं होतं. आठवडा बरा गेला, मग दुखणं परत आलं. तेव्हापासून सुटीचा दिवस देवळालीचा झाला.

कामगारांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो काढला, हाडं ठीक आहेत म्हणाले आणि व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे धाडलं. बाईंनी तिला निजवून गुडघे मुडपायला लावले, कंबर जमिनीला टेकवायला आणि मग वर उचलायला शिकवलं.

"रोज करा. लगेच फरक पडायचा नाही."

शकुबाईला ते पटलं नाही. कुणी हात न लावता कंबर बरी कशी होणार? शिवाय घर एका खोलीचं, दारात सासरे बसलेले. थोड्याच दिवसांत तिनं ते सोडून दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात फुलाबाई लेकीच्या बाळंतपणाला नांदगावला गेली आणि तिकडेच राहिली. इकडे शकुबाईला बाकावर बसवेना. रजा टाकून ती घरी आली, सासऱ्यांना बाहेर बसायला सांगितलं, कडी लावली आणि जमिनीवर निजून बाईंनी शिकवलेला व्यायाम पुन्हा सुरू केला. सुरुवातीला दुखणं वाढलंच.

"मग सोड की," चिमाजी म्हणाला.

"सोडून करू काय? फुलाबाई तर नाय."

ती करत राहिली. सासरे न सांगता स्टूल घेऊन बाहेर जाऊ लागले. पावसाळा सरता सरता ती कामावर परतली. एक दिवस भरलेला हंडा उचलून ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं, आपण भिंत धरली नाही.

फुलाबाई परतल्याचं कळलं तशी ती तरीही देवळालीला गेली.

"पाठ घट्ट झाली गं तुझी," फुलाबाई दाबता दाबता म्हणाली. "आता माझं काय काम?"

"तसं नाय मावशी. व्यायामानं बसता येतं. पण तुमच्या हातानं जे वाटतं, ते त्यानं वाटत नाय."

फुलाबाई उठली ती कमरेला हात देऊनच. शकुबाईनं विचारलं, तेव्हा म्हणाली, "दुसऱ्यांच्या पाठींवर वाकून वाकून माझीच गेली."

"निजा मग, दाखवते."

हसत हसत फुलाबाई निजली. कंबर वीतभरसुद्धा उचलली जाईना. "ह्या वयात नाय जमायचं," म्हणून ती उठून बसली. शकुबाईनं पुढंही अधूनमधून तिला आठवण करून दिली. तिनं कधी मनावर घेतलं नाही.

शकुबाईची कंबर पूर्ण बरी झालीच नाही. थंडीत ठणकायची. पण नोकरी तिनं शेवटपर्यंत केली.