टँकर वेगळे लिहा

उजव्या हाताचं एक बोट कानाजवळ उभं करून चाचा म्हणायचे, “रुको साब. येऊ द्या.” मग दोन-तीन क्षणांनी वळणावरून ट्रक दिसायचा. तोवर त्यांनी हातातल्या मोजायच्या यंत्राचं बटण दाबलेलंही असायचं.

मी तेव्हा गारखेड्यातल्या एका लहानशा सल्लागार कंपनीत नवा इंजिनिअर होतो. शहराच्या पूर्वेकडच्या महामार्गावर टोल भरून वेगात जाणाऱ्यांसाठी एक वेगळी लेन होती. ती टोलनाक्याच्या थोडं पुढं येऊन संपायची. ती मुकुंदवाडीच्या बाजूला आणखी वाढवायची का, आणि वाढवायची तर कुठपर्यंत, याचा आराखडा आमच्याकडं आला होता. लेन पूर्ण लांबीची झाली असती तर रस्त्याकडेच्या वस्तीतली घरांची पहिली रांग जाणार होती. ती पूर्ण लांबीची करायची की नाही, हे जड गाड्या किती धावतात त्यावर ठरणार होतं. म्हणून आधी गाड्या मोजायच्या होत्या.

मोजणीला दोन माणसं घेतली. दुचाकी, रिक्षा, मोटारी सुनंदाताईंकडं. त्या मुकुंदवाडीच्या, आंबेडकर जयंतीला गल्लीतली सगळी व्यवस्था सांभाळणाऱ्या, हिशोबी आणि चोख. ट्रक, बस, टँकर चाचांकडं. चाचांची हयात औरंगपुऱ्याच्या मागच्या एका गॅरेजमध्ये फिटर म्हणून गेलेली. साठी उलटलेली, पांढरी दाढी, डोळ्यांवर काळा चष्मा. उन्हाळा असा होता की आम्ही सगळेच काळे चष्मे लावत होतो. दर पंधरा मिनिटांनी सुनंदाताई दोघांच्या यंत्रांवरचे आकडे तक्त्यात लिहायच्या.

दोन महिने मी त्या दोघांबरोबर लिंबाखाली बसलो. डबा एकत्र खाल्ला. रस्ता ओलांडताना चाचा माझा दंड धरायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याची आपल्यावर माया आहे. तुम्ही म्हणाल, इतकं जवळ असून कळलं कसं नाही? तोच प्रश्न मी स्वतःला अजून विचारतो.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी चाचांनी मला जवळ बोलावलं. “साब, टँकर वेगळे लिहा.”

“तक्त्यात तसा रकाना नाही, चाचा. टँकर म्हणजे ट्रकच धरायचा.”

“नाही साब. ट्रक हर साल येणार. हे टँकर पाऊस पडला की घरी जाणार. उनके लिए रस्ता बांधणार का तुम्ही?”

मी वरवर हसलो, पण जेवता जेवता घास हातातच राहिला. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. गावोगाव पाणी टँकरनं जात होतं, शहराच्या नव्या वसाहतींनाही टँकरच. त्यांच्या रांगा रोज डोळ्यांपुढून जात होत्या आणि मी त्यांना शहराच्या वाढीत धरत होतो. त्या दुपारी मी तक्त्यात पेनानं एक रेघ ओढली आणि नवा रकाना केला. चाचा म्हणाले, “आणखी एक रेघ मारा. भरलेला वेगळा, रिकामा वेगळा.”

“ते कसं कळतं तुम्हाला?”

“भरलेल्यात पाणी बोलतं साब. रिकामा टँकर पत्र्यासारखा वाजतो.”

ते काय सांगत होते हे मला तेव्हाही कळलं नाही. फिटरचे कान, एवढंच मनात आलं.

दुसऱ्या महिन्याच्या अखेरीला बेरीज केली तेव्हा मी हादरलो. जड गाड्यांचा जो आकडा दाखवून लेन पूर्ण लांबीची करा असं आम्ही म्हणणार होतो, त्यात टँकरच इतके होते की ते बाजूला काढल्यावर निम्म्या लांबीचीही गरज उरत नव्हती. मी ते अहवालात लिहिलं. आमचे साहेब वाचून म्हणाले, “बैठकीत तूच सांग.”

बैठक औरंगपुऱ्यातल्या एका कार्यालयात होती. प्रस्ताव तपासणारे वरिष्ठ अधिकारी माझं बोलणं ऐकत होते, पण टँकरच्या रकान्यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

“भरलेला, रिकामा, हे कुणी ठरवलं?”

मी याच प्रश्नाची वाट पाहत होतो. मी हौसेनं चाचांना आणि सुनंदाताईंना बाहेर बसवूनच ठेवलं होतं. दोघांना आत बोलावलं. माझा मोजणीदार किती पक्का आहे ते यांना दिसू दे, असं माझ्या मनात होतं. चाचांना आणल्याचा तो अभिमान आठवला की आजही मान खाली जाते.

अधिकाऱ्यांनी तक्ता चाचांपुढं धरला. “हा तुमचाच ना? सोमवारची दुपारची ओळ वाचा.”

चाचांनी कागद घेतला. तो उलटा होता. त्यांनी तो सरळ केला नाही.

“वाचा.”

“दिखता नहीं, साब.”

“वाचायचा चष्मा आणला नाही?”

“नजरच नाही. काचबिंदू. तीन साल झाले.”

मी सुनंदाताईंकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज ठाम होता. “मला म्हाईत होतं साहेब. पहिल्या दिवसापास्नं. मी रोज माझ्या डोळ्यानं बी मोजायची. त्यांचं एक जरी चुकलं असतं तर मीच सांगितलं असतं. नाय चुकलं.”

“म्हणजे आंधळ्या माणसानं महामार्गाची मोजणी केली?” अधिकाऱ्यांचा आवाज चढला.

चाचा उठले. भिंतीला हात लावत खिडकीपाशी गेले आणि रस्त्याकडं पाठ करून उभे राहिले. “साब, आप देखो. मी बोलतो.”

आणि ते बोलू लागले. “रिक्षा. रिक्षा. एस.टी., जुनी. ट्रॅक्टर, ट्रॉली खाली. टेम्पो, माल आहे. टँकर. भरलेला.”

अधिकारी खिडकीतून खाली बघत होते. पहिल्यांदा त्यांच्या ओठांवर हसू होतं. मग ते गेलं. टँकर खालून जाताना त्याच्या तोंडातून पाणी सांडत होतं, ते मीही पाहिलं. बराच वेळ चाचा सांगत राहिले आणि कुणालाच त्यांना थांबवावंसं वाटेना.

शेवटी अधिकारी आपल्या खुर्चीत येऊन बसले. रुमालानं तोंड पुसलं. “चाचा, तुम्ही खरं बोलताय. पण ही मोजणी मी फाईलला लावू शकत नाही. पुन्हा करा. कॅमेऱ्यानं.”

चाचांनी मान हलवली. “सही है साब. कागद को आँख लगती है.”

त्याच संध्याकाळी त्यांना कामावरून कमी केलं. मी एक शब्द बोललो नाही. माझी नोकरी नवी होती. जिना उतरताना मी एवढंच विचारलं, “मला का नाही सांगितलं, चाचा?”

“सांगितलं असतं तर बसवलं असतं का?”



कॅमेऱ्याची मोजणी झाली. आम्ही पडद्यावर एकेक गाडी पाहून तक्ता भरला. सुनंदाताईंनी दोन्ही तक्ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. टँकरच्या रकान्यात रोजच्या सरासरीचा फरक हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. लेन अर्ध्याहून कमी वाढवायचं ठरलं. वस्तीची ती रांग वाचली. पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि टँकर खरोखरच घरी गेले.

ही बातमी चाचांना सांगायला जायचं मी ठरवत राहिलो. आज जाऊ, रविवारी जाऊ. नवीन काम आलं, लग्न ठरलं. खरं कारण लाज हे होतं. अखेर दिवाळीच्या आधी एका सकाळी त्यांची गल्ली शोधत गेलो. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. मी नाव सांगितलं. त्यांनी पदर सावरला.

“वो तो गुजर गए बेटा. चालीस दिन हो गए.”

मग त्यांनी विचारलं, “तुम रोडवाले साब ना? एक बात बताओ. उनकी गिनती सही थी?”

“सही थी, चाची. पूरी सही थी.”

त्या वळल्या. आत खिडकीशी एक रिकामी खाट होती, वर धुतलेली चादर नीट अंथरलेली. ऐकू न येणाऱ्याला सांगावं तशा त्या खाटेकडं बघून मोठ्यानं म्हणाल्या, “सुनते क्या? साब बोलरे, सही थी.”