पाण्याचा दुसरा हात

माझा थोरला भाऊ रंगारी. आता वृद्धाश्रमात असतो आणि मला ओळखत नाही. त्याचा खांदा आखडत चालला होता. असाच राहिला तर घासही भरवावा लागेल, असं व्यायामाच्या ताई म्हणाल्या.

"काका, हात वर करा."

"कशाला?" तो विचारायचा.

परवा ताईंनी त्याला ब्रश आणि बादलीभर पाणी दिलं. अंगणातली चुन्याची भिंत त्याने वरपासून खालपर्यंत ओली केली. मला वाटलं, संपलं. तो मात्र बाकावर बसून भिंतीकडे बघत राहिला. उन्हाने ती वाळली, तसा उठला.

"आता दुसरा हात मारायचा."

मला विसरला, मग हे कसं लक्षात राहिलं? ताईंना विचारायचा धीर होईना.

"नुसता बघतोस काय? बादली धर."

मी धरली.