जेवत्या सिस्टरला उठवायचं न्हाई

मी छबूबाई, राहुरीकडच्या एका दवाखान्यात आया हुते. पुष्पावती सिस्टरचं सांगते, पन मधी बोलायचं न्हाई. मला राग लवकर येतो.

त्र्याहत्तरचा उन्हाळा, दुष्काळ. खडी फोडायच्या कामावरून बाया थेट बाळंतपनाला यायच्या. खाटा बारा, बाया वीस, सिस्टर एकटी. तिची खोली व्हरांड्याच्या या टोकाला, वॉर्ड त्या टोकाला. ज्या शहान्यानं ही इमारत बांधली, त्यानं हातात बेडपॅन घेऊन एकदा चालून बघायला पायजे हुतं. सांजपत्तोर सिस्टरचे पाय सुजायचे. जरा डोळा लागला की झोपेतच म्हनायची, "आले, आले."

एका दुपारी तीनला मी तिला बळंच खोलीत बसवलं. "दोन घास खा, न्हाईतर तुलाच खाटंवर घालावं लागंल." तिनं रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी मोडली. मी चादरी धुवायला हौदावर गेले.

परत आले तर सिस्टरच्या दारात गोजरबाई उभी, पदर सावरून, गप. सकाळी बाळंत झालेल्या मालनची ही सासू. म्हटलं, "काय झालं?"

"सुनेच्या अंगावरून जरा जास्ती जातंय. सिस्टर जेवत्यात न्हवं. जेवत्या मान्साला उठवू न्हाई. होऊ द्या त्यांचं."

"कवापसनं उभी हायेस?"

"त्या बसल्या तवापसनं."

मी तिथूनच सिस्टरला हाक मारली. सिस्टर ताट सारून पळाली. व्हरांडा सरता सरंना. मालनच्या खाटंखाली रगात साचलं हुतं, ओठ पांढरे पडलेले. सिस्टरनं तिचं पोट दाबून धरलं, मी पायाकडून खाटंला विटा लावल्या, डॉक्टर सुई घेऊन आले. तासभर कळंना, बाई ऱ्हाती का जाती. शेवटी तिनं पानी मागितलं.

मालन वाचली, पन सिस्टर भ्याली. जेवनाचा डबा पुढं आला की तो सारून वॉर्डात जायची. डॉक्टरांना म्हनाली, "मला नोकरीतनं सोडा. पुढची बाई माझ्यामुळं जाईल."

डॉक्टर भला मानूस. त्यांनी घड्याळ लावून तो व्हरांडा सोता चालून बघितला. मग वॉर्डाशेजारची सामानाची खोली रिकामी करून सिस्टरला दिली, मधल्या भिंतीत काचेची मोठी खिडकी पाडली. अलीम वायरमननं खाटंखाटंला बटन बसवलं. दाबलं की सिस्टरच्या टेबलावर बेल वाजायची. सिस्टरचं चालनं निम्म्यानं कमी झालं. मला वाटलं, सुटलो.

कुठलं सुटतोय. आता काचेतून बायांना तिचा डबाच दिसायचा. तो उघडला की सगळा वॉर्ड चिडीचूप. कडूबाई म्हनून एक, कळांनी ओठ चावत पडलेली, बटनाजवळचा हात मागं घेऊन मला म्हनती, "खाऊ द्या बिचारीला."

माझं डोकं फिरलं. वॉर्डात मधोमध उभी ऱ्हायले. "ऐका गं. ती जेवत असली तरी दाबायचं. अन्नावरून उठवल्याचं पाप लागतं ना? ते सगळं माझ्या डोक्यावर. माझ्या लेकरांची आन घेऊन सांगते."

बोलून गेले, मग ध्यानात आलं. ते पाप मीबी खरंच मानते.

कडूबाईनं बटन दाबलं. काचेपल्याड सिस्टर हातातला घास ठेवून उठली. त्या सांजंला घरी गेले, ती आधी दोन्ही पोरांच्या कपाळाला हात लावून बघितला.